एका ओळीसाठी एकशे सदतीस दुवे

मध्ययुगीन चीनच्या साहित्यावरचा माझा प्रबंध पूर्ण झाला होता. राहिली होती फक्त एक तळटीप. बाराशे वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याच्या बायकोनं बहिणीला पत्र लिहिलं : ‘यांच्या नावावरच्या कविता मीच लिहिते.’ माझं अख्खं शेवटचं प्रकरण या ओळीवर उभं होतं. तिघा अभ्यासकांनी ती उद्धृत केली होती. मूळ पत्र कुठे आहे, हे मात्र तिघांनीही एकमेकांवर ढकललं होतं. शुक्रवारी पाचच्या आत मूळ संदर्भ दिला नाही, तर नोंदणी रद्द. बाळंतपणाची मुदतवाढ केव्हाच संपली होती. मुलीला आता दोन दात आले होते.

“अगं, घाबरतेस कशाला?” मार्गदर्शक सर म्हणाले. “आम्ही हस्तलिखितांसाठी वणवण केली. आता सगळं ऑनलाइन आहे. ग्रंथालयाची यादी बघ.”

यादी देखणी होती. ‘मध्ययुगीन चीन, इतिहास व साहित्य : निवडक ऑनलाइन साधने.’ निवडून निवडून एकशे सदतीस. मुलीला मांडीवर घेऊन मी पहिल्या दुव्यावर टिचकी मारली. दुसऱ्या एका विद्यापीठाची यादी उघडली. तिच्यातून तिसरी. तिसऱ्या यादीत पहिल्या दोन याद्यांचा चिकित्सक परिचय होता.

“कुठवर पोचलीस गं?” सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“अकराव्या यादीत.”

“विमानानं गेली असतीस तर एव्हाना पत्र घेऊन परत आली असतीस! आण त्या पोरीला इकडे, कान बघ कसे लाल झालेत तिचे.”

मी आधी मुलीचा ताप पाहिला, मग बारावी यादी. ताप नव्हता. बाराव्या यादीनं मला सन्मानपूर्वक आमच्याच ग्रंथालयाच्या पानावर आणून सोडलं.

गुरुवारी मुलीला कडेवर घेऊन ग्रंथपालांपुढे उभी राहिले.

“दुवे तुटलेत का?” त्यांनी काळजीनं विचारलं.

“नाही. सगळे चालतात.”

“मग तक्रार काय?”

“कुठेच पोचत नाहीत.”

त्यांनी तक्रार-अर्ज उलटसुलट करून पाहिला. “दुवा चालतो, दुवा चालत नाही. दोनच रकाने आहेत, मॅडम. पोचण्याचा नाही.”

“पण पत्रांचा छापील ग्रंथ होता ना आपल्याकडे?”

“होता की. ऑनलाइन साधनं आल्यावर रद्दीत काढला.”

“म्हणजे तो ऑनलाइन आहे?”

“यादीत असेल.”

“असेल? तुम्ही पाहिलाय?”

ते दुखावले. “अहो, मी यादी करायची की वाचत बसायचं?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाकीचे काय करतात, सांगू? सरळ यादीचाच संदर्भ देतात. आजवर एकही प्रबंध परत आलेला नाही.”

शुक्रवारी चार पन्नासला मी तळटीप लिहिली : ‘मूळ पत्रासाठी पाहा : निवडक ऑनलाइन साधने, दुवा ८८.’ अठ्ठ्याऐंशीच का? मुलीचा हात कीबोर्डवरच्या आठवर दोनदा पडला म्हणून.

‘मूळ साधनांचा निर्भीड वापर’ असा परीक्षकांनी शेरा दिला. पदवी मिळाली, आणि एवढा अनुभव असलेली दुसरी कोण, म्हणून यादीचं कामही माझ्याकडेच आलं. पहिल्याच दिवशी मी दुवा १३८ घातला : माझा प्रबंध.

परवा एका विद्यार्थिनीनं विचारलं, “ती ओळ तुम्ही स्वतः पाहिलीय का?” मी उत्तर लिहिलं, “दुवा १३८ पाहावा.” तिनं मनापासून आभार मानले.

आता यादीला रोज चारशे जण भेट देतात. सरासरी नऊ सेकंद थांबतात आणि ‘सवडीनं वाचू’ म्हणत पान साठवून ठेवतात. वर्षभरात तक्रार एकच आली, पानाचा रंग डोळ्यांना खुपतो. रंग बदलला.

तुम्हीही हे आता कुणाला तरी पाठवालच, ‘जरूर वाच’ असं लिहून. तुम्ही वाचलंत का, हे तो विचारणार नाही. तोही पुढेच पाठवणार आहे.