आत्याबाईंची डोळेतपासणी

बोलता बोलता समोरच्याच्या कानाजवळ हळूच पळी नाचवायची आणि विचारायचं, "दिसली का?" ही आमच्या आत्याबाईंची खोड. आत्याबाई म्हणजे माझ्या मालकांची आत्या. सासर सुटलं, तशा कायमच्या धावड्याला भावाच्या घरी आलेल्या. जीभ तिखट, म्हणून नवऱ्यानं धाडलं, असं गाव म्हणे. मलाही ते पटायचं.

त्यांच्या पळीतून कुणी सुटत नसे. निजामाच्या अमदानीत महसूल तपासायला येणाऱ्या गिरदावर साहेबांचा रुबाब तो केवढा! साहेब ओसरीवर चहा घेत होते. आत्याबाईंनी मागून येऊन पळी हलवली. साहेब दचकले, चहा शेरवानीवर. "या अल्ला!"

"साहेबाचे डोळे बराबर हायत," असा निकाल देऊन आत्याबाई आत गेल्या. मामंजी कितीतरी वेळ साहेबांची माफी मागत होते.

मला तर रोजच पळी. "डोक्यावर पदर आहे, कसं दिसंल?" मी म्हणे.

"पदर मागं घे. अन् बिलकुल खोटं बोलू नको."

एका वर्षी माझं डोकं वरचेवर दुखायला लागलं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं. दावणीच्या वासराला जाऊन धडकायची. आपलाच धांदरटपणा, म्हणून मी कुणाला बोलले नाही. एक दिवस आत्याबाईंनी डावीकडून पळी आणली. "दिसली का?"

"कुठाय?"

त्या हसल्या नाहीत. पळी खाली ठेवली आणि थेट मामंजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, गाडी जुंप. कौसाला जालन्याला न्यायचंय."

"पेरणी चालू हाय. पुढच्या महिन्यात बघू."

"डोळा थांबत न्हाई पेरणीसाठी! जल्दी कर, न्हाई तर पायी नेते मी तिला."

भोकरदनपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "काचबिंदू आहे. गेली ती नजर परत येणार नाही. पण वेळेवर आलात, आहे ती राखता येईल." डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रोज घालायला थेंब मिळाले.

पट्टी बांधून पडले होते, तेव्हा विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला कसं हो कळलं?"

त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं.

"मला असंच झाल्तं. वाढताना बाजूचं ताट दिसायचं न्हाई, आमटी सांडायची. येंधळी म्हणून आणून सोडलं मला. पुढं भोकरदनला एक डॉक्टर आल्ता. म्हणला, एक डोळा गेला बाई, लवकर दाखवायचं होतं. दुसऱ्या डोळ्यासाठी तरी जालन्याला जा."

"मग?"

"मंग काय? टाकलेल्या बाईनं सोतासाठी गाडी कुणाला मागावी?"

मी पट्टीसकट उठून बसले आणि डॉक्टरीणबाईंना हाका मारायला लागले.

आज मी डाळ निवडते, नातवंडांचे चेहरे बघते, ते आत्याबाईंमुळं. त्यांच्या दुसऱ्या डोळ्यात उरलेली नजरही शेवटपर्यंत टिकली. सकाळ-संध्याकाळ आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत थेंब घालत असू. थेंब झोंबले की आत्याबाई डॉक्टरीणबाईंचा उद्धार करत, आणि मग डोळे मिटून माझा हात घट्ट धरत.

"औषध मुरंस्तोवर धर," म्हणत.

औषध केव्हाच मुरलेलं असे. मी हात सोडवून घेत नसे.