परभणी जिल्ह्यातील अस्वल क्रमांक एक

अन्नाला खरा धोका भुकेल्याकडून असतो, हे सत्य शहाण्या राजवटींनी फार पूर्वीच ओळखलेलं आहे. या सत्यावर दूरच्या एका थंड देशात एक पूर्ण शास्त्र उभं राहिलं. तिथले लोक घरी पलंग, गादी आणि नळाला गरम पाणी असताना सुट्टीच्या दिवशी जंगलात जाऊन कापडी तंबूत झोपतात. (कारण विचारू नये. आपल्याकडे असं वागणाऱ्याला घरचे लोक आधी देवऋष्याकडे नेतात.) त्या जंगलात अस्वलं असतात आणि अस्वलाला जेवणाचा वास कोसावरून येतो. म्हणून जेवण न फुटणाऱ्या डब्यात घालायचं, डबा बारा फूट उंच फांदीला टांगायचा आणि आपण तिथून दोनशे पावलं लांब जाऊन झोपायचं.

पद्धत उत्तम आहे. तिच्यात बोट ठेवायला जागा नाही. परभणी जिल्ह्यात तिला एकच अडचण आली, ती म्हणजे आमच्याकडे अस्वल नाही.

माझ्या सत्तर वर्षांत मी इथं एकच अस्वल पाहिलं. ते दरवेशाबरोबर नाकात दोरी घालून ताडकळसच्या बाजारात यायचं, लहान लेकरांची भीती जावी म्हणून त्यांना पाठीवर बसवायचं आणि भाकरी मिळेपर्यंत हात जोडून उभं राहायचं. (एवढी शिस्त नंतर कुठल्याही पक्षात दिसली नाही.) पण जिल्ह्यात अस्वल नसणं हा काही योजनेचा दोष नव्हे. उलट इतर योजनांना आधी संकट आटोक्यात आणावं लागतं, इथं ते आटोक्यातच होतं. ‘उघड्यावरील मुक्कामी अन्नाचे अस्वलापासून संरक्षण अभियान’ सुरू होण्याआधी जिल्ह्यात अस्वलाचे हल्ले शून्य. अभियानाच्या पहिल्या महिन्यानंतरही शून्य. सातत्य म्हणतात ते हेच.

आता उघड्यावर झोपतं कोण, याची पाहणी झाली. पूर्णा जंक्शनच्या फलाटावर झोपणारे आधी यादीत आले. पण त्यांच्याजवळ साठवायला अन्नच नसल्यामुळे ते आपोआप सुरक्षित ठरले. उरले मेंढपाळ.

बिरू आणि कासाबाई हे त्यातलंच एक जोडपं. सुगी सरली की शेतकरी मेंढ्या बसवतात, म्हणजे मोकळ्या रानात कळप मुक्कामाला ठेवून घेतात. रानाला खत मिळतं, मेंढपाळाला जोंधळा मिळतो. त्या चैत्रात या दोघांचा तळ ताडकळसजवळ बन्सीधरच्या वावरात होता. एकशेवीस मेंढ्या, एक घोडं, तीन कुत्री आणि चूल. एकशेवीसातल्या नऊ मेंढ्यांचे दिवस भरलेले. अभियानाचा नियम असा, की पाहणीत पास झाल्याशिवाय मुक्कामाचा परवाना नाही, आणि परवाना नसेल तर दिवस मावळायच्या आत तळ हलवायचा. नऊ मेंढ्या हलण्यासारख्या नव्हत्या. चालवल्या असत्या तर कोकरं रस्त्यातच पडली असती, आणि किती जगली असती हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती. बिरूला अस्वलाची फिकीर नव्हती. त्याला या नऊ जणींची होती.

डबा अभियानानं दिला होता. पोलादी, जाड, हत्ती बसला तरी न चेपणारा. (हत्तीही आमच्याकडे नाही.) तो किल्लीनं उघडत नाही, अंगठ्यानं उघडतो. झाकणावर काचेची चकती असते. अंगठा ठेवला, रेघा उमटल्या, की हिरवा दिवा लागून झाकण सुटतं. अस्वलाच्या अंगठ्याला माणसासारख्या रेघा नसतात, सबब नियम सहा: ‘ज्याचा अंगठा उमटेल तो मनुष्य समजावा. इतर सर्व अस्वल.’ इतका स्वच्छ नियम मी आयुष्यात वाचला नाही. माणूस कुणाला म्हणावं यावर साधुसंतांनी जन्म घालवले, इथं दोन ओळींत काम झालं.

पाहणीला हरिओम नावाचे अधिकारी फटफटीवर आले. भला माणूस. त्यांनी जन्मात अस्वल पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते पूर्ण निःपक्षपाती होते. त्यांनी आधी पावलं मोजली. चूल, डबा आणि अंथरूण यांत दोन-दोनशे पावलांचं अंतर हवं. कासाबाईनं ते राखलं होतं. चूल बन्सीधरच्या वावरात, अंथरूण शेजारच्याच्या वावरात आणि डबा टांगलेला कडुलिंब तिसऱ्याच्याच बांधावर. मग घोंगडीचा वास घेण्यात आला. अंथरुणाला अन्नाचा वास नसावा, असा नियम आहे. साहेबांनी एकदाच वास घेतला, थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि लिहिलं, ‘अन्नाचा नाही.’

मग दोर सोडून डबा खाली घेतला. कासाबाईनं सकाळी चार भाकरी, ठेचा, कांदा आणि तेलाची बाटली आत ठेवून झाकण दाबलं होतं. (बंद करायला अंगठा लागत नाही. बंद कुणीही करू शकतं.) बिरूनं अंगठा ठेवला. लाल दिवा.

“परत लावा,” साहेब म्हणाले.

“लावलाय की.”

“दाबून लावा.”

“अजून दाबला तर डबाच जमिनीत जाईल, साहेब.”

“हात धुऊन या बरं.”

“धुवून काय व्हतंय?” कासाबाई म्हणाली. “तीस साल झाले, कातर धरायलेत त्या अंगठ्यानं. रेघा लोकरीसंगं गेल्या सगळ्या.”

बांधावर बसलेला बन्सीधर म्हणाला, “बिरूबा, तेल लावून बघ.”

“तेल डब्यात हाय,” कासाबाई म्हणाली.

बिरूनं चौदा वेळा अंगठा लावला. ओला, कोरडा, राख लावून, धोतराला पुसून, एकदा तर डोळे मिटून देवाचं नाव घेऊन. मग कासाबाईनं लावला. तिचा अंगठा तव्यावरच्या भाकरी उलटून उलटून खापरासारखा झालेला. अकरा वेळा लाल. साहेबांनी फॉर्म काढला. त्यात ‘डब्याजवळ आढळलेले’ या मथळ्याखाली दोनच रकाने होते, मनुष्य आणि अस्वल. साहेब न्यायी असल्यामुळे त्यांनी कार्यालयात फोन लावून तिसरा रकाना आहे का, असं विचारलं. कार्यालयानं पाहून सांगितलं, नाही. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: अस्वल (नर), एक. अस्वल (मादी), एक.

त्यांना लिहिताना मोठ्यानं वाचायची सवय होती.

“मादी कुणाला लिव्हायलात?” कासाबाई उठलीच.

“मावशी, रकानाच तसा आहे.”

“रकान्याला आयबहिणी न्हाईत का?”

डबा उघडतो याची खात्री करणं नियमानं भाग होतं, म्हणून साहेबांनी स्वतःचा अंगठा ठेवला. तो अंगठा बघण्यासारखा होता. नुकतीच वखराची पाळी घातलेल्या रानासारख्या सगळ्या रेघा शाबूत. त्या रानात अजून कुणी पाय टाकलेला नव्हता. हिरवा दिवा लागला. नियम नऊप्रमाणे, डबा उघडणाऱ्या मनुष्यानं अन्न खाण्यायोग्य असल्याचं चाखून पाहायचं असतं. साहेब संकोचले.

“खा,” कासाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला. “सकाळपास्नं उन्हात हाव तुमी. तळावर आलेलं माणूस उपाशी जात नसतंय.”

साहेबांनी चाखलं. एक भाकरी चाखून नीट समजेना, म्हणून दुसरी चाखली. चौथीनंतर अहवाल पूर्ण झाला: ‘दोन अस्वलांनी एकूण पंचवीस प्रयत्न करूनही अन्न पूर्णपणे सुरक्षित राहून मनुष्याच्याच मुखी पडले. डबा यशस्वी. (ठेचा तिखट.)’

“मंग पास झालो न्हवं?” बिरूनं विचारलं.

“डबा पास झाला,” साहेब तोंड पुसत म्हणाले. “परवाना मात्र मनुष्यालाच देता येतो. आणि अस्वलाच्या ताब्यात मेंढ्या ठेवणं तर फारच धोक्याचं. दिवस मावळायच्या आत तळ हलवावा लागेल. माझा इलाज नाही.”

लिंबाच्या सावलीत एक तांबडी मेंढी खाली बसली, उठली, पुन्हा बसली आणि तिनं मान लांब केली. बिरू तिच्याकडं गेला, गुडघ्यावर बसला आणि तिच्या पोटावर हात ठेवून तिथूनच म्हणाला, “हिला तर आत्ताच कळा यायल्यात, साहेब. हिला उचलून नेऊ, का हिचं कोकरू?”

साहेबांच्या फॉर्ममध्ये मेंढीच्या कळांचा रकाना नव्हता.

मग कासाबाई पुढं आली. “साहेब, तळ कुणी हलवायचा म्हनलात?”

“परवाना नसलेल्या नागरिकांनी.”

“आमी नागरिक हाओत का?”

साहेबांनी फॉर्म वर-खाली पाहिला. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, “नाही.”

“मंग अस्वलाला हाकलायचा कागद काढा. लिव्हलेला असंल तर आमी आत्ता उठतो.”

साहेबांनी अख्खी फाईल चाळली. हाकलायचा कागद नव्हता. शेवटी परिशिष्ट ‘ड’ सापडलं. त्यात लिहिलं होतं: ‘अस्वल आढळल्यास त्याला हुसकावू नये. आरडाओरडा करू नये. डोळ्याला डोळा भिडवू नये. पाठ न दाखवता, शांतपणे, मागे मागे सरकत तेथून निघून जावे.’

कायद्याचं पालन मी पुष्कळ पाहिलंय, पण असं नाही. साहेबांनी नजर खाली केली. फाईल छातीशी धरली आणि एक-एक पाऊल मागं टाकत निघाले. नांगरटीच्या ढेकळांतून, बांधावरून, एकदा घोड्याच्या खुंटीला अडखळून पडले, आणि उठताना चुकून वर गेलेली नजर लगेच खाली आणली. फटफटीला किक मारली नाही, आवाज होतो. ती ओढत, उलटे चालत, पक्क्या सडकेपर्यंत गेले.

बिरू बघतच राहिला. म्हणाला, “इतके साल माणूस व्हतो, कासा. एवढी इज्जत कुणी केली न्हाई.”

“गप बस आन् पानी आण,” कासाबाई म्हणाली. “डोस्कं दिसायलंय कोकराचं.”

चार दिवसांत नऊ मेंढ्यांना दहा कोकरं झाली आणि दहाही जगली. वावराच्या कडेला पाटी लागली: ‘अस्वल आढळ क्षेत्र. शांतता राखा.’ बातमी मानवतपर्यंत गेली. मग जो तो डब्याकडं धावला. मेंढपाळ, कापूस वेचणाऱ्या बाया, वीटभट्टीवरची माणसं, भांडी घासणाऱ्या. पंचवीस प्रयत्न, पंचवीस लाल, नोंद झाली की माणूस मोकळा. (चुकून हिरवा दिवा लागला म्हणून दोघीजणी रडत परत गेल्या, एकीनं अंगठा दगडावर घासून पुन्हा नंबर लावला.) आजमितीला जिल्ह्यात चारशे बारा अस्वलं आहेत. इतक्या वेगानं अस्वलं वाढल्याची नोंद जगात नाही, आणि हल्ले अजूनही शून्य. अभियानाचा सत्कार झाला.

बन्सीधरचं मात्र वाईट झालं. त्याच्याकडं ट्रॅक्टर आहे, गडी आहेत, आणि अंगठा पहिल्याच झटक्यात हिरवा. त्यामुळे हरभऱ्याच्या राखणीला स्वतःच्याच वावरात झोपायचं, तर त्याला परवाना लागतो. दरखास्त घेऊन तो तीन महिने हिंडतोय. परवा बिरूला म्हणाला, “तुझं बरं हाय गड्या. तुला कुणी उठ म्हणत न्हाई.”

तुम्ही हसला असाल. हसा. आता जरा उजेडाकडं करून स्वतःचा अंगठा बघा. रेघा शाबूत आहेत? स्पष्ट दिसतात? मग अभिनंदन, तुम्ही मनुष्य आहात. नियम एक ते नऊ तुम्हाला लागू आहेत आणि परिशिष्ट ‘ड’ लागू नाही. बरं, हे जिथं बसून वाचताय, तिथला परवाना काढा बघू.