तळ्याचा टँकर

२००३च्या मे महिन्यात कोन गावचं तळं अधिकृतपणे आटलं. अनधिकृतपणे ते होळीलाच आटलं होतं; पण आदल्या पावसाळ्यानं दगा दिल्याचं समितीच्या ठरावात यायला वेळ लागला. मधोमध उरलं एक डबकं, आणि त्यात एक टिबुकली, पाठीवर पिल्लं घेऊन. या पाणपाखराला जमिनीवर धड चालताही येत नाही. डबकं गेलं की खेळ खलास.

तलाव व पाणपक्षी संवर्धन समितीचे अध्यक्ष केसरीनाथ यांच्या काळजाला हे फार लागलं. तहसील कचेरीतल्या साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी तळ्यासाठी सरकारी टँकर मंजूर करून घेतला. तो आला नेमका लेकीच्या, क्षितिजाच्या, हळदीच्या दिवशी.

"तळ्याकाठी चिखल हाय, चाकं रुततील," ते ड्रायव्हरला म्हणाले. तळ्याकाठी भेगांत पाय अडकत होता, आणि म्हणे चिखल! "तवर मांडवात लाव."

मांडवात डीजे होता, मटण रटरटत होतं आणि पाहुण्यांना रेन डान्सचा शब्द दिलेला होता. शेजारच्या शेलार गावानं तो गेल्याच महिन्यात केला होता. मग कोनवाले काय मेलेत?

केसरीनाथांची म्हातारी आई, जानकीबाई, तळ्याकडून तरातरा आली. "केसू, पिल्लं चोची वासून बसलीत. पानी त्यांचं हाय ना रे?"

"आये, त्यांचंच हाय. जरा सांडलं तर काय बिघडतंय? चार लोकांत तोंड दाखवायचं हाय मला."

पाइप सुटला. पंचक्रोशीत त्या डबक्याखेरीज पाण्याचा टिपूस नव्हता, त्यामुळे बगळे उतरले ते थेट मांडवामागे साचलेल्या चिखलाच्या रेंद्यात. जेवायला आलेले साहेब हातातलं हाडूक घेऊन तसेच उभे राहिले.

"वा, केसरीनाथ! पक्षी स्वतःहून पाण्यापर्यंत आले. हवामानबदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते हेच! उद्दिष्ट साध्य."

"न् तळ्याचं काय?" जानकीबाईनं विचारलं.

"आजी, पाणपक्षी जिथं, पाणथळ तिथं. तळ्याला आता टँकर नियमात बसत नाही."

केसरीनाथांना भरून आलं. ते पुन्हा नाचायला गेले.

सकाळी डबक्याचा नुसता गाळ उरला होता. पिल्लं हलत नव्हती, टिबुकली त्यांच्यापासून हटत नव्हती. जानकीबाईनं पिल्लं हळदीनं माखलेल्या पदरात उचलली आणि लेकाला विचारलं, "नाचलास ना पोटभर?"

आठवड्यानं या आदर्श उपक्रमाचा फोटो पेपरात आला. पुढे बगळे, मध्ये अध्यक्ष, मागे नाचणारे 'पक्षीप्रेमी नागरिक'. हसू नका, जरा नीट बघा. दुसऱ्या रांगेत, चिंब शर्टात, दोन्ही हात वर केलेले ते तुम्हीच आहात.