किसनमामांचा पेचकस

सेनगावच्या किसनमामा मिस्त्रींकडे गाडी नेली, की ते आधी तिला चावायचे.

अगदी पत्र्याला दात लावायचे असं नव्हे. स्क्रू पिळायचा हातभर लांबीचा एक जुना पेचकस होता त्यांच्याकडे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. बाकीचे मिस्त्री पेचकस कानाला लावतात, मामा दातांत धरत. दोन-चार मिनिटांनी डोळे उघडून दुखणं सांगत, आणि ते सहसा चुकत नसे.

दुसरी खोड म्हणजे त्यांच्या गॅरेजात गिऱ्हाइकाला बोलायची बंदी होती. तोंड उघडलं, की मामांचा हात वर. "तुमी बोलू नका, गाडीला बोलू द्या." तक्रार सांगायचीच असेल तर खिळ्याला पाटी टांगलेली होती, तिच्यावर लिहायची. ज्यांना लिहिता येत नसे ते चित्र काढत. एका जीपवाल्यानं पाटीवर चाक काढून त्याखाली अश्रू काढले होते. मामांनी बरोबर ओळखलं, ब्रेकचं ऑइल गळत होतं.

मी तेव्हा साखऱ्याच्या शाळेत शिक्षक होतो. मधल्या सुट्टीत फुटपट्टी दातांत धरायची, दुसरं टोक हेडमास्तरांच्या टेबलाला लावायचं आणि डोळे मिटून "बोलू नका" म्हणायचं, ही माझी हुकमी नक्कल होती. लोक पोट धरून हसत. मीही स्वतःवर खूश असे.

दोन हजार पाचच्या सुमारास मी नांदेडहून एक जुनी पांढरी मोटार घेतली. कार्ब्युरेटर नसलेली, फ्युएल इंजेक्शनची, आत कंप्युटर असलेली. त्याचा मी गावभर डंका पिटला आणि महिन्याभरात गाडीला वेड लागलं. उभी असतानाही इंजिन नुसतं पळायचं. क्लच सोडला, की अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी साखऱ्याच्या दिशेनं निघायची. बाजारातून जाताना मी ब्रेकवर उभाच असे. हिंगोलीच्या एका गॅरेजवाल्यानं कसलासा स्क्रू पिळला, तर गाडी सिग्नलला बंद पडायला लागली आणि गरम झाली की पुन्हा पळायला लागली. शेवटी तो म्हणाला, कंप्युटर बदला.

नाइलाजानं मामांकडे गेलो. पाटीवर सविस्तर लिहिलं. मामांनी वाचलं आणि म्हणाले, "गुरुजी, इतिहास नका लिहू. दुखून कुठं राहिलं तेवढं लिवा."

मी पुसून लिहिलं, 'उभी असताना पळते.'

मामांनी बॉनेट उघडलं आणि त्या पिळलेल्या स्क्रूकडे पाहून कपाळाला हात लावला. "कंपनीनं रंग लावून बंद केलेला इस्क्रू हाय हा! काहून फिरवला?" त्यांनी तो खुणेवर परत आणला. मग इंजिन सुरू करून बराच वेळ चावले. मान हलवली. इतक्यात मला इंजिनाच्या मागच्या बाजूनं बारीक सूं असा आवाज ऐकू आला.

"मामा, इथं सूं करतंय," मी त्यांच्या पाठीमागून म्हणालो. ते वाकलेलेच. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा तर ओरडलो. हातही वर झाला नाही.

मामांनी आधी पेट्रोलचा कुठं वास येतो का ते नाक लावून पाहिलं, वाळूची बादली जवळ ओढली आणि उदबत्ती पेटवली. रस्त्यानं जाणारे दोघे थांबले, चपला काढून त्यांनी हात जोडले. एकानं नारळ आणू का म्हणून विचारलं. मामांचं लक्ष नव्हतं. ते उदबत्ती एकेका रबरी पाइपाजवळून फिरवत होते. धूर सरळ वर जात होता. इंजिनाच्या मागे गेला आणि एका पाइपाच्या खालच्या अंगाला अचानक वळून आत खेचला गेला. मामांनी तिथं बोट दाबलं आणि इंजिन एकदम शांत झालं.

"पाइप चिरला हाय. गाडी चोरून श्वास घेऊन राहिली. जादा हवा पाहून कंप्युटर जादा पेट्रोल देऊन राहिला. कंप्युटर बराबर हाय त्याच्या जागी."

तेवढ्यात गोदामामी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आल्या. शेडच्या कोपऱ्यात त्यांचं पायाचं शिलाई मशीन होतं, आसपासच्या तांड्यांवरचे ब्लाउज त्याच शिवत. त्यांनी हाक मारली नाही. मामांच्या खांद्याला हात लावला. मामा दचकले आणि मग हसले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामांना ऐकूच येत नव्हतं. ती पाटी, ती बंदी, ते दातांत धरणं. मला त्या फुटपट्टीची लाज वाटली. मी निघताना मामी गाडीपर्यंत आल्या. "गुरुजी, कुणाला बोलू नका. भयऱ्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणन? दुसरं काम येत न्हाई त्यांला."

मी कुणाला बोललो नाही. नक्कलही बंद केली. शाळेत सगळ्यांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

आठवड्यानं एका दुपारी गाडी ठीक असल्याचं सांगायला गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मामी मशीनवर बसल्या होत्या आणि मामा शेजारी स्टुलावर. पेचकसाचं टोक मशीनच्या लाकडावर, मूठ दातांत, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख मी कुठल्याही इंजिनापाशी पाहिलं नव्हतं.

मामी त्यांच्यासमोरच मला नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांला वाटतं मी गाऊन राहिले. पहिलं शिवताना गायचे मी. गाताना पाय हळू पडतो, ते त्यांला पेचकसातून कळतं. आता ऐकणारंच न्हाई, तर गाऊन काय करू? पण पाय तेवढा हळू ठेवते."

पाय हळूहळू चालतच होता. मामांनी डोळे उघडले, मला पाहून उठले. मी त्यांच्या तोंडासमोर उभा राहून गाडी ठीक असल्याचं सांगितलं, तसे ते माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. इंजिन चालू करायला लावून एकदा चावले. "बराबर."

मग पेचकस पुसत म्हणाले, "तुमाला कळलं हाय, ठाऊक हाय मला. आज तुमी तोंडासमोर येऊन बोलले."

मी इंजिन बंद केलं.

"गुरुजी, गाणारं माणूस श्वास घ्यायला थांबतं. तवा पाय बी जरासा थांबतो. दोन वर्सं झाली, तिचा पाय कुठंच थांबत न्हाई. एकसारखा चालून राहिला." त्यांनी शेडकडे पाहिलं. "गात न्हाई ती. पण मला कळलं हाय हे तिला सांगू नका. माझ्यासाठी हळू चालवते, चालवू द्या."

मी मान हलवली. मामा आत गेले, पेचकसाचं टोक मशीनवर टेकवलं आणि मूठ दातांत धरून डोळे मिटले.