दुरावा आढळला नाही

आमच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांचं एकमेकांशी बरं चाललेलं आहे, ही गंभीर बाब नगर प्रशासनाच्या लक्षात आली आणि तिथून आमचं बिनसलं.

तसं पाहिलं तर चूक आमचीच. पाच मजली इमारतीची लिफ्ट बंद पडून वर्ष होत आलं होतं. अशा प्रसंगी सुसंस्कृत माणसं एकमेकांना वकिलाच्या नोटिसा पाठवतात. आम्ही मात्र मुकाट्याने जिने चढत होतो. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना तिसऱ्यावर पोचेपर्यंत दम लागायचा, आणि तिसऱ्यावर आम्ही असायचो. आम्ही म्हणजे मी, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक, आणि समोरच्या दारातले टेलरमास्तर. दोन्ही दारं सताड उघडी, मध्ये एक स्टूल, स्टुलावर बुद्धिबळाचा पट. बाजूला खुर्ची टाकून मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. येणारा-जाणारा दम खायला थांबायचा, मला हमखास चुकीची चाल सुचवायचा, वहिनींच्या हातचं पाणी प्यायचा आणि वर जायचा. माझी बायको गेल्यापासून माझं खरं घर म्हणजे जिन्यातला तो तुकडाच होता. आत मी नुसता झोपायला जायचो.

अडचण एकच होती, वहिनींचे गुडघे. लिफ्ट बंद झाल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. "भावजी, एकदा खाली जाऊन मातीवर पाय ठेवायचाय हो," असं त्या म्हणाल्या, की मास्तरांचं लक्ष उडायचं आणि ते घोडा भलत्याच घरात ठेवायचे. तो घोडा मी कधी मारला नाही.

अशात प्रशासनाने 'दार उघडा' अभियान जाहीर केलं. सर्जनशील उपक्रम आणि सार्वजनिक संवाद यांच्या माध्यमातून शेजाऱ्यांना परस्परांच्या निकट आणणे, हा उद्देश. जी इमारत सर्वाधिक निकट येईल तिची एक सामायिक गैरसोय प्रशासन स्वखर्चाने दूर करणार होतं. आमचे सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर राहतात आणि त्यामुळे लिफ्टच्या बाबतीत अत्यंत निःस्वार्थी आहेत. त्यांनी त्याच दिवशी अर्ज ठोकला.

पाहणीला स्नेह-समन्वयक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर कायमचं हसू. तिसऱ्या मजल्यावर त्या भिंतीला टेकल्या. वहिनींनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, पदराने वारा घातला.

"तुमचं कोणाशी वाकडं?" श्वास परत आल्यावर त्यांनी मला विचारलं.

"नाही बुवा."

"आठवून पाहा. घाई नाही."

"अहो, खरंच नाही."

"समोरच्यांशी तरी?"

"समोरच्यांशी? आज सकाळी ह्यांच्याच घरी जेवलो मी."

बाईंचा चेहरा पडला. 'दुरावा आढळला नाही. अपात्र,' असं त्यांनी टिपून घेतलं.

"म्हणजे आम्ही जवळ आहोत म्हणून आम्हाला जवळ आणता येत नाही?" मास्तरांनी विचारलं.

"सुंदर! किती नेमकं बोललात," बाई म्हणाल्या. "काका, निकालाचं माप लागतं ना. आधी अंतर मोजायचं, मग ते कमी करायचं. तुमच्याकडे अंतरच शून्य. त्यातून मी काय कमी करू?"

मी उभा जन्म मापात काढलेला माणूस. मला हे तात्काळ पटलं. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ माझ्या त्या पटण्यातच आहे, असं वहिनी म्हणतात.

संध्याकाळी जिन्यातच बैठक भरली. दुरावा निर्माण करावा यावर एकमत झालं, आणि ते इतक्या खेळीमेळीत झालं की सेक्रेटरींना घाम फुटला. आता भांडायचं कोणी? सगळ्यांचे डोळे आमच्या स्टुलाकडे वळले.

"तुम्ही दोघं," सेक्रेटरी म्हणाले. "तकलादू मैत्रीवर असला प्रयोग करता येत नाही. तुमचं काही तुटायचं नाही. आणि वहिनींसाठी एवढं कराल ना?"

वहिनींसाठी म्हटल्यावर संपलंच. मी हो म्हणालो, मास्तर हो म्हणाले. एकट्या वहिनी म्हणाल्या, "मला नको बाई असली लिफ्ट." पण त्या लाभार्थी असल्यामुळे त्यांचं मत विचारात घेता आलं नाही.

सेक्रेटरींनी फेरअर्ज केला. नियमाप्रमाणे दुरावा किमान महिनाभर मुरलेला हवा होता आणि पडताळणी केव्हाही होऊ शकत होती. त्यामुळे स्टूल आत गेलं. माझं दार लागलं, मास्तरांचं लागलं. वर जाणारे लोक तिसऱ्यावर आले की आजारी माणसाच्या खोलीबाहेरून जावं तसे पाय न वाजवता जाऊ लागले. 'दार उघडा' अभियानाचा आमच्या मजल्यावर झालेला हा पहिला दृश्य परिणाम.

खाली अंगणात मात्र उपक्रमांना नुसता ऊत आला होता. ज्यांना रोज जिन्यात भेटायचो त्यांना आम्ही छातीवर नावाची चिठ्ठी लावून भेटलो. गोल बसून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकला आणि 'आपण सारे एका धाग्याने बांधलेले आहोत' असं एका सुरात म्हणालो. तो गुंता सोडवताना चौथ्या मजल्यावरच्या आजींचा चष्मा फुटला. पत्र्याचे डबे बडवून आम्ही आपापल्या मनातलं व्यक्त केलं. हा सगळा खटाटोप जिच्यासाठी, ती बाई मात्र बंद दाराआड एकटी बसून डब्यांचा आवाज ऐकत होती, कारण खाली यायला लिफ्ट नव्हती.

मग मुख्य कार्यक्रमाची तालीम सुरू झाली. मंचावर दोन खुर्च्या, मध्ये एक कापडी घुबड. घुबड ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. घुबड म्हणे ऐकण्याचं प्रतीक.

"हे माझी प्यादी ढापतात," मी सुरुवात केली.

"फार वरवरचं होतंय," समन्वयक बाई हळहळल्या. "परीक्षकांना जखम लागते, काका. आत उतरा. इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं काहीतरी असेलच."

"काही नाही हो दाबलेलं."

"असतं. शोधलं की सापडतं."

आणि काय सांगू, बाईंचं खरं निघालं. बंद दाराआड महिनाभर एकट्याने बसून शोधलं की वाट्टेल ते सापडतं.

कार्यक्रमाच्या दिवशी अंगण खच्चून भरलं होतं. परीक्षक पहिल्या रांगेत. घुबड आधी मास्तरांकडे गेलं. ठरलेलं वाक्य प्याद्याचं होतं. मास्तरांनी एकदा घुबडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कोळशाच्या वखारीतला खोटा काटा ह्यांनी कसा पकडला, ती गोष्ट हे मला रोज सांगतात," ते म्हणाले. "रोज! काटा कुठे अडकतो, मालक कुठे रडतो, सगळं मला पाठ आहे. मी टाके घालता घालता हूं हूं करतो. माणूस एकटा आहे म्हणून करतो."

हे लिहून दिलेलं नव्हतं. लोकांना ते लिहून दिलेलंच वाटलं, आणि लोक हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोष्टीचं एक वेळ जाऊ द्या. 'एकटा आहे म्हणून' हे त्यांनी चारचौघांत बोलायला नको होतं.

मी घुबड हिसकावून घेतलं. "माझ्या मुलीच्या लग्नात ह्यांनी शिवलेली पँट दोन बोटं आखूड होती! सगळ्या फोटोंत माझे मोजे दिसतात. का? तर ह्यांची टेप ताणलेली आहे. मी ती माझ्या प्रमाणित पट्टीला लावून पाहिली होती. नोकरीत असतो तर जप्त केली असती. मैत्रीखातर गप्प बसलो!"

टेलरला चोर म्हणा, तो हसेल. त्याच्या टेपला खोटी म्हणू नये, हे मला कळत होतं, पण तोंड थांबेना.

"माझ्या घरात बसून, माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन, तुम्ही माझी टेप तपासलीत?" मास्तर उभे राहिले.

"घुबड माझ्याकडे आहे!"

"खड्ड्यात गेलं घुबड! अहो, ज्या टेपने माप घेतलं त्याच टेपने कापड कापलं. मग पँट आखूड होईलच कशी? निरीक्षक म्हणे!"

अंगणात हास्याचा स्फोट झाला. मास्तरांच्या त्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही, आणि म्हणूनच माझा राग अजून गेलेला नाही.

"सुंदर!" समन्वयक बाईंनी डोळे पुसले. "आता मिठी."

मिठी कार्यक्रमपत्रिकेत होती. ती आम्ही मारली. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "माझी टेप बरोबर आहे." मी त्यांच्या कानात म्हणालो, "आखूडच होती." नेमका तोच फोटो निघाला, आणि 'अभिनयाचा लवलेश नसलेला समेट' म्हणून आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

लिफ्ट आली. आत आरशाच्या जागी आमच्या मिठीची मोठी तसबीर लावली. पहिला मान वहिनींचा. त्या खाली गेल्या, चपला काढून मातीवर उभ्या राहिल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. पलीकडच्या खिडकीतून मास्तर पाहत असावेत, पडदा हलत होता.

थोड्या वेळाने माझी बेल वाजली. दारात वहिनी.

"भावजी, जाऊन आले. बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण इतके दिवस मी खाली जायचं म्हणत होते ना, ते वर येऊन तुम्हा दोघांना सांगायचं म्हणून. वर आले तर दोन्ही दारं बंद. आता दोघांतल्या कुणाला सांगू?"

"वहिनी, तुम्हीच सांगा, त्या टेपचं—"

"गाढव आहात तुम्ही. दोघंही," असं म्हणून त्या गेल्या. दार लावल्यावर मला रडू आलं. दार मी लावूनच घेतलं होतं, त्यामुळे कोणाला दिसलं नाही.

तेव्हापासून आमच्या मजल्यावर कोणी थांबत नाही. कोणाला दमच लागत नाही, तर थांबायचं कशाला? लिफ्टमध्ये प्रत्येक जण तसबिरीकडे तोंड करून आपला मजला येईपर्यंत उभा राहतो. वहिनी सुरुवातीला रोज खाली जायच्या. हल्ली जात नाहीत. येऊन सांगायचं कोणाला, म्हणतात.

परवा समन्वयक बाई पुन्हा आल्या. नवं वर्ष, नवं अभियान. लिफ्टने आल्यामुळे त्यांना पाणी लागलं नाही.

"तुमचं कोणाशी वाकडं?"

मी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.

"केव्हापासून?"

"तुमच्या मिठीपासून."

"सुंदर!" बाईंचा चेहरा उजळला. "आणि खरं सांगू का काका, तुमची अख्खी इमारतच यंदा पात्र आहे. प्रत्येक मजल्यावर अंतर! मागच्या वेळी किती निराश होऊन गेले होते मी."

तुम्ही हसताय. हसा, आमची फजितीच तशी आहे. पण हे वाचताना तुमचं दार बंद असेल, तर एकच सांगा. तुमच्या समोरच्या दाराआड गुडघे कोणाचे दुखतात?

नाही ना ठाऊक?

सुंदर! तुम्ही पात्र आहात.