सान्यालांच्या कोंबड्याची विल्हेवाट

चंदननगरच्या पूर्णेंदु सान्यालांच्या घरात शेकडो पक्षी होते आणि त्यांपैकी एकानेही कधी अंडं घातलं नव्हतं. ते सगळे नाण्यांवर आणि पदकांवर होते. गरुड, हंस, मोर, झालंच तर लक्ष्मीचं वाहन म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या बौदी, दर कोजागरीला ज्याची पूजा करत, ते चांदीचं घुबड. पण मानाची जागा होती एका कोंबड्याला. फ्रेंच अमदानीत पूर्णेंदुदांच्या आजोबांना शाळेत पहिलं आल्याबद्दल मिळालेलं ते चांदीचं पदक. त्यावर छाती काढून उभा असलेला फ्रेंच कोंबडा. पूर्णेंदुदा रोज सकाळी ते मऊ फडक्याने पुसत आणि पुसता पुसता आजोबांशी दोन शब्द बोलत. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, त्यामुळे मलाही ऐकू येई.

यंदा जगद्धात्री देवीच्या पूजेच्या मांडवात या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. समितीचे चिटणीस हाबुलदा यांनी वीज, रोषणाई, मांडव आणि प्रदर्शन अशा सगळ्या परवानग्या एकाच अर्जात मागितल्या, कारण एका अर्जाला एकदाच चहा पाजावा लागतो. अर्जात त्यांनी ‘पक्षी प्रदर्शन’ असं लिहिलं. ‘चांदीची पदकं’ लिहिलं असतं तर पोलीस बंदोबस्ताचा खर्च समितीच्या डोक्यावर बसला असता.

थोड्याच दिवसांत पशुपक्षी स्वास्थ्य निरीक्षण कार्यालयाचे गायेनबाबू हातमोजे घालून हजर झाले.

“पक्षी दाखवा.”

पूर्णेंदुदांनी कौतुकाने अल्बम उघडला. गायेनबाबूंनी बराच वेळ पानं उलटली.

“हालचाल नाही. कधीपासून?”

“अहो, नाणी आहेत ती!”

“दिसतंय मला, दादा. मी काय आंधळा आहे? पण अर्जावर पक्षी आहेत, आणि मला अर्ज तपासायला पाठवलंय.”

गरुड, हंस, मोर, घुबड हे वन्य, म्हणून दुसऱ्या खात्याचे. त्यांना गायेनबाबूंनी बोटही लावलं नाही. कोंबडा मात्र पाळीव निघाला. नदीपलीकडच्या एका गावात नुकत्याच बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या होत्या आणि परिसरातले सर्व पाळीव पक्षी नष्ट करण्याचा आदेश होता.

“अहो, तो जिवंत नाहीये!” बौदी कळवळून म्हणाल्या.

“जिवंत नाही?” गायेनबाबूंनी पेन काढलं. “मग मेला कधी? कळवलं का नाही? साथीत मेलेला पक्षी घरात लपवणं गुन्हा आहे, बौदी. आता शवविच्छेदन आलं. मधोमध कापावा लागेल.”

“जिवंत आहे, जिवंत आहे!” पूर्णेंदुदा घाईघाईने म्हणाले.

“मग नष्ट करावा लागेल.”

“फरक काय त्यात?”

“यात कापत नाहीत. अख्खा पुरतात, चुन्यात.” गायेनबाबूंनी मोजे काढून बौदींनी पुढे केलेल्या बशीतली संदेश मिठाई उचलली. “आणि वेदना होत नाहीत. त्याची आम्ही काळजी घेतो.”

पूर्णेंदुदा तडक हाबुलदांकडे गेले. अर्ज दुरुस्त करा, म्हणाले.

“आता? दुरुस्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. आणि रोषणाई? तीही त्याच अर्जावर, गायेनबाबूंच्या सहीत अडकलीय.”

ही बातमी गल्लीत पसरताच गल्ली पूर्णेंदुदांच्या ओट्यावर गोळा झाली.

“एका कोंबड्यापायी देवीला अंधारात बसवणार काय रे तू?”

“शेजारच्या गल्लीने दिव्यांचा सत्तर फुटी मोर उभा केलाय. आपण काय पणत्या लावायच्या?”

“तुझे आजोबा असते ना, तर स्वतः नेऊन दिला असता!”

“आजोबांनी रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलाय तो!” पूर्णेंदुदा ओरडले.

“त्यांनी केला ना अभ्यास? तू कुठे केलास? मग तुला कशाला हवा?”

 पूर्णेंदुदा आत गेले, कोंबडा पुसला, आणि या वेळी आजोबांशी काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मैदानात खड्डा खणला गेला. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली. नियमानुसार पक्षी मानेला धरायचा असतो, म्हणून गायेनबाबूंनी मान नेमकी कुठे येते ते पूर्णेंदुदांकडूनच विचारून घेतलं. पदक खाली गेलं, वर चुना पडला, त्यावर माती. “वेदनारहित,” गायेनबाबूंनी नोंद केली आणि लगेच तिथेच रोषणाईच्या परवानगीवर सही ठोकली. टाळ्या पडल्या. बौदींनी पूर्णेंदुदांना हाताला धरून घरी नेलं. त्या संध्याकाळी आमची गल्ली अशी उजळली की सत्तर फुटी मोर बघायला आलेली माणसं वाट वाकडी करून आमच्याकडे आली.

खड्ड्याभोवती आम्ही पन्नासेक जण होतो, आणि ते पदक आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. मी तर मास्कही लावला होता.

तुम्ही तिथे असता तर नक्की बोलला असता, याबद्दल मला शंका नाही. मागे तुमच्या गल्लीतल्या मंडळाने तुमच्याच खिडकीला कर्णा बांधला, तेव्हाही तुम्ही बोललाच असाल. आवाजात कुणाला ऐकू गेलं नसेल, एवढंच.