न उघडणारं दार

"दुसरा भाग शुक्रवारी नक्की तयार!" ताईंनी टाकलेला हा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर जायचा, तो गेमच्या पानावर, सव्वा लाख खेळाडूंपुढे जाऊन पडला. मोबाइल गेम बनवणाऱ्या त्या चिमुकल्या ऑफिसात कामाची वाटणी आणि वेळापत्रक ताईंकडे असे. शुक्रवारी तयार होणार होता तो वेळापत्रकाचा दुसरा भाग. गेमच्या दुसऱ्या भागाला अजून दीड वर्ष होतं.

निरोप पुसेपर्यंत बाराशे जणांनी आनंदाने उड्या मारल्या होत्या. साहेब धापा टाकत आले.

"आता माघार नाही! काय काय तयार आहे, बोला."

"राजकुमार आहे," चित्रकार बाई म्हणाल्या. "कमरेपर्यंत."

"आणि खालचा?"

"तो पुढच्या वर्षी."

प्रोग्रामर चाचरत म्हणाला, "माझ्याकडे एक दार आहे. कडी वाजवली की उघडतं."

"करकर मी देतो!" आवाजवाले काका खुशीत ओरडले. "अकरा प्रकारची आहे!"

ताईंनी फळा खसाखसा पुसला आणि दीड वर्षाचं काम अडीच दिवसांत बसवलं. राजकुमाराला कमरेएवढ्या गवतात उभा करायचा, समोर दार ठेवायचं, मिळेल तिथे करकर भरायची. झाला दुसरा भाग!

शुक्रवारी गेम बाहेर पडला आणि तासाभरात कळलं, दार उघडतच नाही. प्रोग्रामर पांढराफटक पडला. साहेबांनी डोक्याला हात लावला.

पण खेळाडूंना वाटलं, हे कोडंच आहे! कुणी गवताची पाती मोजली, कुणी करकर उलटी वाजवून ऐकली. दुपारपर्यंत सव्वा लाखाचे तीन लाख झाले. "काय डोकं आहे यांचं!" म्हणून जो तो वाहवा करू लागला. साहेब खुर्चीवर उभे राहून नाचले.

तेवढ्यात प्रोग्रामर विजयी मुद्रेने आला. "साहेब, चूक काही सापडली नाही. मग दारच नव्याने लिहिलं. उघडतंय आता! गेलंसुद्धा सगळ्यांकडे!"

पाच मिनिटांत तक्रारींचा पाऊस पडला. "इतकं सोपं? शुद्ध फसवणूक!"

"अरे, जुनं दार परत लाव!" साहेब किंचाळले.

"रागाच्या भरात पुसून टाकलं, साहेब."

ताईंनी शांतपणे खडू उचलला, फळ्यावर 'चूक करणे' असं नवं काम लिहिलं आणि विचारलं, "किती दिवस धरू?"

प्रोग्रामरने बोटांवर हिशेब केला. "चुकून करायची तर दोन मिनिटं, ताई. मुद्दाम करायची तर तीन आठवडे."